दुखण्यातून उठलेल्याची सेवा

वारकऱ्याच्या घरी मोठे दुखणे आले की दोन प्रश्न उभे राहतात. माणूस बरा होईल ना, हा पहिला प्रश्न. तो सर्वांच्याच घरी असतो. नेम चुकला त्याचे काय, हा दुसरा प्रश्न मात्र वारकऱ्याचाच. काकडा, हरिपाठ, एकादशी, सप्ताहातील पहारा, आषाढीची वाट, ही जन्मभर अंगवळणी पडलेली सेवा अंथरुणाला खिळल्यामुळे खुंटते, आणि देहाच्या दुखण्याहून हे दुसरे दुखणेच जास्त टोचू लागते. मग अंगात थोडे बळ आले न आले तोच माणूस उठून उभा राहतो, पडतो, आणि पुन्हा अंथरूण धरतो. काहीजण याच्या उलट करतात. एकदा सुटले ते सुटलेच असे धरून ते देवळाकडे फिरकतच नाहीत. ह्या दोन्ही वाटा चुकीच्या कशा आणि मधली वाट कोणती, याचा विचार ह्या पाठात करावयाचा आहे. विचार नुसता पोथीतला नाही. आम्ही स्वतः ह्या वाटेने गेलो आहोत, आणि पहिल्याने चुकलो आहोत. म्हणून आमची चूक आधी सांगतो.

आमचे गाव कडेगाव. पश्चिमेला कराड, पूर्वेला विटा. पूर्वी हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निराळा निघाला आणि १९६० साली त्याचेच नाव सांगली जिल्हा झाले. गावात भजनी मंडळ आहे, सप्ताह होतो, आषाढीला दिंडी निघते. त्या दिंडीत वीणा धरण्याची सेवा पुष्कळ वर्षे आमच्याकडे होती.

२०२० आणि २०२१ ह्या दोन वर्षी महामारीमुळे पायी वारी झाली नाही. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एस. टी.च्या गाडीतून पंढरीला गेल्या, आणि लाखो वारकऱ्यांनी आपापल्या उंबऱ्यातून हात जोडले. २०२२ साली वाट पुन्हा मोकळी झाली. त्या वर्षी आम्ही चाललो तेव्हा आनंद पोटात मावत नव्हता. परत आलो आणि खोकला लागला. वाटेत भिजलो, धूळ खाल्ली, खोकला यायचाच, अशी आम्हीच आमची समजूत घातली. श्रावण गेला, भाद्रपद गेला. तिन्हीसांजेला अंग कोमट लागे, रात्री घामाने बंडी भिजे, सदरा अंगात लोंबू लागला. घरची माउली रोज म्हणे, "अवं, दवाखान्यात जाऊन या की एकदा." आम्ही म्हणू, "काकडा होऊ दे, मग बघू." अशा रीतीने सबंध काकडा आम्ही भरल्या देवळात, दारे-खिडक्या लावलेल्या गाभाऱ्यासमोर, दहा-वीस माणसांच्या मधोमध उभे राहून खोकत म्हटला. ह्या गोष्टीचे दुःख आम्हाला अजून आहे. ते का, हे पुढे येईलच.

कार्तिकी झाली आणि आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. बेडका तपासला, छातीचा फोटो निघाला. डॉक्टर वयाने आमच्या मुलासारखे. म्हणाले, "बाबा, हा क्षय आहे. बरा होतो. पण सहा महिने गोळी चुकवायची नाही." आम्ही विचारले, "माघात सप्ताह आहे, आमचा वीणेचा पहारा असतो. तो चुकेल त्याचं काय?" डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी उलट विचारले, "पहाऱ्याला वीणा मधेच खाली ठेवता का?" आम्ही म्हटले, "नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात." ते म्हणाले, "मग ही गोळीही खाली ठेवायची नाही. सहा महिन्यांचा पहारा आहे असं समजा."

सज्जनहो, कीर्तनातील दृष्टान्तापेक्षा हा दृष्टान्त आमच्या मनात खोल गेला. तरीसुद्धा आम्ही चुकलोच. पहिले दोन महिने गेले, ताप उतरला, भूक लागू लागली, चार शेर वजन वाढले, आणि आम्हाला वाटले, झालो बरे. माघातल्या सप्ताहात रात्री दोन ते चारचा पहारा आम्ही हट्टाने मागून घेतला. मंडळी नको म्हणत होती. अर्धा तास झाला असेल नसेल, डोळ्यांपुढे अंधेरी आली. शेजारी उभ्या असलेल्या एका तरुण टाळकऱ्याने झेप घेऊन वीणा सावरली. वीणा जमिनीला टेकली नाही, आम्ही टेकलो.

दुसऱ्या दिवशी मंडळातील एक वृद्ध टाळकरी उशाशी येऊन बसले. त्यांनी विचारले, "बुवा, वीणा कुणाची?"

"पांडुरंगाची."

"मग काल रातीला ती आपली म्हणून कशापायी धरून बसला हुतासा?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. पुढचे तीन महिने अंथरुणावर पडून आम्ही ह्या एका प्रश्नाचा अभ्यास केला. त्या अभ्यासात जे हाती लागले तेच येथे क्रमाने मांडतो.

१. देहाला छळणे हे तप नव्हे

दुखणे अंगावर काढण्यात काही पुण्य आहे असा एक समज आपल्यात आहे. "देह झिजवायचा तो देवासाठीच" असे म्हणून आपण दुखण्याकडे पाठ फिरवतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात, सोळाव्या आणि सतराव्या श्लोकांत, भगवंतांनी अगदी उघड सांगितले आहे की फार खाणाऱ्याला योग साधत नाही तसा मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही तसा सदा जागणाऱ्यालाही नाही. खाणे, फिरणे, काम, झोप, जाग, सारे मापात असेल त्याचाच योग दुःख हरण करतो. ज्ञानेश्वरीत ह्या ठिकाणी माउलींनी मापाचा हा विचार फोडून सांगितला आहे. वाचकांनी पारायणाची घाई बाजूला ठेवून तेवढा भाग सावकाश वाचावा.

सतराव्या अध्यायात तर याहून कडक सांगणे आहे. शास्त्राने न सांगितलेले घोर तप दंभाने आणि अहंकाराने करणारे लोक शरीराला कष्टवतात, आणि शरीरात राहणाऱ्या भगवंतालाही कष्टवतात. त्यांचा निश्चय आसुरी जाणावा, असे तेथे पाचव्या-सहाव्या श्लोकांत म्हटले आहे. आमच्या रात्रीच्या पहाऱ्यात भक्ती किती होती आणि "आमच्यावाचून पहारा कसा होईल" हा ताठा किती होता, याचा हिशेब आम्ही प्रामाणिकपणे केला तेव्हा ताठ्याचे पारडे जड निघाले.

एकादशीचेही तसेच. औषध चालू असता एकादशी कशी करावी, असे पुष्कळ जण विचारतात. व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी धर्मशास्त्रात सांगितल्या आहेत, त्यांत पाणी, कंदमूळ, फळ, दूध आणि औषध ही सांगितलीच आहेत. म्हणजे गोळी घेतल्याने एकादशी मोडते हे म्हणणे शास्त्राचे नव्हे, आपल्या अज्ञानाचे आहे. आम्ही त्या सहा महिन्यांत एकादशीला निराहार राहिलो नाही. गोळी, दूध, शेंगदाणे, केळी घेतली आणि नाम घेतले. तुळशीची माळ गळ्यात तशीच राहिली.

माळेवरून आणखी एक गोष्ट. क्षयाच्या रोग्याला अंगात बळ यावे म्हणून अंडे, मांस खावयास सांगतात. माळकऱ्यापुढे हा मोठा पेच असतो, आणि संकोचाने तो डॉक्टरांना काही न सांगता घरी येऊन नुसती भाकरी-आमटी खातो. तसे करू नये. आपण माळकरी आहोत हे मोकळेपणाने सांगावे. हरभरे, मटकी, तूर, मूग, हुलगे, शेंगदाणे, दूध, दही यांतूनही अंगाला लागणारा कस मिळतो. प्रमाण मात्र वाढवावे लागते. खाण्याचे महत्त्व लहान समजू नये. झारखंडात क्षयरोगी आणि त्यांच्या घरची माणसे यांना पोषक शिधा देऊन मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. घरच्या माणसांना शिधा मिळाला तेथे त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले, आणि ज्या रोग्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले त्यांच्यातील मृत्यूही पुष्कळ कमी झाले. अन्न हे पूर्णब्रह्म असे आपण पंगतीत म्हणतो, ते असे खरे आहे.

२. ह्या रोगाची ओळख

क्षयाला पूर्वी राजरोग म्हणत आणि त्याचे नाव घरात मोठ्याने काढीत नसत. त्याचे जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन वैद्याने १८८२ साली शोधून काढले, पण औषध सापडायला पुढे साठ वर्षे लागली. तोवर रोग्याला घरापासून, गावापासून दूर स्वच्छ हवेच्या आरोग्यधामात ठेवीत. आपल्या जिल्ह्यात मिरजेजवळ वान्लेसवाडीला असे आरोग्यधाम होते. ज्यांनी मिरजेत १८९४ साली रुग्णालय उभारले त्या डॉ. विल्यम वान्लेस यांचे नाव त्या वाडीला आहे. तेथे गेलेला माणूस महिनोन्‌महिने, कधी वर्षे, गावाला अंतरे. स्ट्रेप्टोमायसिन हे पहिले गुणकारी औषध १९४० नंतरच्या काळात निघाले. त्यानंतर मद्रासला १९५६ साली एक केंद्र सुरू झाले. घरी राहून औषध घेणारे रोगी आरोग्यधामातल्या रोग्यांइतकेच बरे होतात, आणि घरच्यांना त्यामुळे जास्त धोका होत नाही, असे त्या केंद्राने १९५९ साली दाखवून दिले. जगभर ही गोष्ट मान्य झाली. आम्ही आज आपल्या घरी, आपल्या माणसांत, आपल्या देवळाच्या घंटेच्या टप्प्यात राहून बरे झालो ते ह्या मद्रासच्या कामामुळे, हे जाणून आम्ही त्या अनामिक रोग्यांना मनोमन नमस्कार करतो.

आता व्यवहाराच्या गोष्टी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, उतरणारे वजन, बेडक्यात रक्त, यांपैकी काही दिसले तर बेडका तपासून घ्यावा. तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. साध्या क्षयाला साधारण सहा महिने औषध लागते : पहिले दोन महिने चार औषधांचे, पुढचे चार महिने तीन औषधांचे. त्यांतील एका औषधाने लघवी नारिंगी-तांबडी होते. त्याला भिऊ नये. मात्र उलट्या थांबेनात किंवा डोळे पिवळे दिसू लागले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बरे वाटले म्हणून मधेच गोळी सोडणे सर्वांत वाईट. उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि मग दुखणे लांबते. गोळी चालू झाल्यावर काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याचा संभव फार कमी होतो. तोवर तोंडाला फडके, मोकळी हवा, आणि गर्दीपासून दूर राहणे, एवढे पथ्य पाळावे.

येथे आमच्या काकड्याची गोष्ट पुन्हा आठवते. रोग कळल्यावर आमच्या घरच्या सर्वांची आणि काकड्यात आमच्या शेजारी उभे राहणाऱ्यांचीही तपासणी झाली. पांडुरंगाच्या कृपेने कोणाला काही निघाले नाही. परंतु निघाले असते तर? आमचा नेम चुकू नये म्हणून आम्ही दुसऱ्याच्या घरात दुखणे नेऊन ठेवले असते, आणि त्याला आम्ही भक्ती म्हटले असते. वारकऱ्यांत एकमेकांच्या पाया पडण्याची, ऊरभेट घेण्याची रीत आहे. समोरच्यात देव पाहावा म्हणून ती रीत आहे. ज्याच्यात देव पाहावयाचा त्याच्या छातीत आपला रोग घालणे, ही कोणती पूजा?

३. आपल्या जागी कोण उभा राहिला?

कराड आमच्यापासून जवळ. तेथील सखूबाईंची कथा आपण सर्वांनी कीर्तनात ऐकली आहे. सासरच्यांनी खांबाला बांधून घातलेल्या सखूच्या जागी पांडुरंग स्वतः उभा राहिला, तिच्या रूपाने त्याने दळले, पाणी भरले, आणि सखू पंढरीला गेली. ह्या कथेत आपण सखूच्या पंढरीला जाण्याकडे पाहतो. अंथरुणावर पडल्यावर आम्हाला तीत दुसरेच दिसले. सखू आपल्या जागी नव्हती तरी काम अडले नाही. आणि शेवटी ती परत आली, आपल्या त्याच घरात, त्याच कामाला.

आम्ही आजारी असता वीणा कोणी धरली? त्याच तरुण टाळकऱ्याने. हरिपाठ थांबला नाही, पहारा मोडला नाही. प्रथम आम्हाला याचे बरे वाटण्याऐवजी वाईटच वाटले, हे कबूल केले पाहिजे. त्याचा आवाज कच्चा आहे, चाल धावते, असे आम्ही पडल्या पडल्या म्हणत असू. मग त्या वृद्ध टाळकऱ्यांचा प्रश्न आठवे. वीणा पांडुरंगाची, तर ती धरावयास त्यानेच कोणाला तरी आमच्या जागी उभे केले. सखूच्या घरी जो आला तोच आमच्या पहाऱ्यावर आला, एवढेच की त्याने या खेपेला शेजारच्या आळीतल्या पोराचे रूप घेतले. हे कळल्यावर छातीवरचा एक धोंडा उतरला. दुखणाईताने पहिल्याने हेच जाणावे : काम आपले नव्हते, म्हणून ते अडलेही नाही.

२०२० साली सगळ्या वारकऱ्यांनाच हा पाठ मिळाला होता. त्या वर्षी कोणी चालले नाही, म्हणून कोणाची वारी मोडली असे कोणत्याही फडाने म्हटले नाही. सर्वांसाठी जे खरे ते एकट्या दुखणाइतासाठी खोटे कसे होईल?

४. तुकोबांची वाट

आता उठावे कसे, हा प्रश्न. यासाठी आम्हाला तुकोबांचे चरित्र उपयोगी पडले. १६२९-३० च्या दुष्काळात त्यांचे घर उद्ध्वस्त झाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला. तो देहाचा आजार नव्हे, पण त्याहून मोठा आघात. त्यातून ते कसे उठले हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात सांगितले आहे. मोडकळीला आलेले देऊळ नीट करावे असे आधी मनात आले. एकादशीला कीर्तन करू लागले, पण आरंभी अभ्यासात चित्त नव्हते, हेही त्यांनी लपविले नाही. मग संतांची वचने पाठ केली, आणि पुढे जे गात होते त्यांच्या मागे ध्रुपद धरले.

वाचकहो, ज्यांना पुढे बहिणाबाईंनी वारकरी मंदिराचा कळस म्हटले, त्यांचा आरंभ मागे उभे राहून ध्रुपद धरण्यात आहे! दुखण्यातून उठलेल्याला याहून चांगली वाट कोणी दाखवावी?

आमच्या कडेगावचे मोहरमचे गगनचुंबी ताबूत दूरवर प्रसिद्ध आहेत. हिंदू आणि मुसलमान मिळून तो सण करतात. त्या ताबुतांच्या बांधणीची ख्याती अशी की आधी कळस, मग पाया. कसबी हातांना ते साधते. देहाला मात्र ते साधत नाही. आम्ही माघात तसे करायला गेलो आणि कोसळलो. देहाचे देऊळ पायापासूनच चढवावे लागते.

५. पायऱ्या

औषध वैशाखात संपले. बेडका स्वच्छ निघाला. त्यानंतर ज्या पायऱ्यांनी आम्ही चढलो त्या सांगतो. प्रत्येकाने आपल्या दुखण्याप्रमाणे आणि वैद्याच्या सांगण्याप्रमाणे त्या कमी-जास्त कराव्या. हृदयाचे दुखणे, शस्त्रक्रिया, पक्षाघात यांची मापे निराळी असतात.

पहिली पायरी श्रवणाची. देवळात जावे, भिंतीला टेकून बसावे, ऐकावे आणि थकवा येण्याआधी उठून घरी यावे. आरतीपर्यंत थांबलेच पाहिजे असा हट्ट नको. नवविधा भक्तीत श्रवण पहिले आहे, ते काही उगीच नाही.

दुसरी पायरी हाताच्या लहान सेवेची. समई पुसणे, वाती वळणे, तुळशीचे हार करणे, पंगतीची भाजी निवडणे, मंडळाचा जमाखर्च लिहिणे. वीस वर्षे वीणा धरली, पण वाती कोण वळतो हे आम्हाला ठाऊक नव्हते. त्या वळणाऱ्या म्हाताऱ्या आक्का आम्हाला म्हणाल्या, "बसा की बुवा. हितं कुणी पडत न्हाई." दुखण्याने आम्हाला ती ओळ दाखवली.

तिसरी पायरी ध्रुपदाची. बसून, हलक्या आवाजात, पुढच्याच्या मागे. श्वास पुरेल तेवढेच म्हणावे. पुरला नाही तर मनात म्हणावे. पहिल्या दिवशी आम्हाला एका चरणाला दोनदा थांबावे लागले.

चौथी पायरी टाळाची आणि उभ्याने हरिपाठाची. पाचवी पायरी थोड्या वेळच्या वीणेची, आणि शेवटची वाटेची.

पायरी चढावी कधी, याची आमची खूण साधी आहे. आजच्या सेवेचा शीण रात्रीच्या झोपेने गेला तर आठवडाभर तेच करून मग पुढचे पाऊल टाकावे. सकाळी उठल्यावर शीण तसाच असला तर ते काम आपल्याला आज मोठे झाले असे समजून एक पायरी खाली यावे. खाली येणे म्हणजे हार नव्हे. दिंडीसुद्धा चढ लागला की चाल बदलते. पुन्हा ताप, दम, छातीत कळ किंवा बेडक्यात रक्त दिसले तर मात्र पायऱ्यांचा विचार सोडून दवाखान्यात जावे.

२०२३ ची आषाढी २९ जूनला होती. औषध संपून जेमतेम दीड महिना झाला होता. दिंडी निघाली तेव्हा आम्ही वेशीपर्यंत गेलो आणि परतलो. ते परतणे जड गेले. दशमीला एस. टी.ने पंढरीस गेलो, चंद्रभागा केली, दर्शनाच्या बारीला उभे राहण्याचे बळ नव्हते म्हणून नामदेव पायरीला डोके टेकवून कळसाचे दर्शन घेतले. २०२४ ला सकाळचा टप्पा चाललो आणि दुपारनंतर सामानाच्या गाडीत बसलो. २०२५ ला सर्व वाट पायी झाली. तीन वर्षे लागली. घाई केली असती तर कदाचित ती वाट झालीच नसती.

६. मंडळाचे कर्तव्य

आजारी माणसाने काय करावे ते सांगितले. आता मंडळाने काय करावे तेही सांगितले पाहिजे, कारण माणूस एकटा आजारी पडत नाही आणि एकटा बराही होत नाही.

आम्ही बरे होऊन आल्यावर एका ठिकाणी आमच्या हातचा तुळशीहार घेताना एक हात मागे सरला. कोणाचा ते सांगण्याचे कारण नाही. त्याला भय होते, आणि भय अज्ञानाचे होते. औषध नीट घेतलेल्या माणसाच्या हाताला, ताटाला, वस्त्राला भिण्याचे काही कारण नाही. क्षय हवेतून, खोकल्यातून पसरतो, शिवल्याने नाही. पण तो मागे सरलेला हात पाहून दुसरा एखादा खोकणारा माणूस आपले दुखणे लपवील, आणि लपविलेले दुखणेच गावाला बाधते. म्हणून मंडळात क्षयाचे नाव मोकळेपणाने घ्यावे. सप्ताहात एक दिवस दवाखान्याची माणसे बोलावून खोकणाऱ्यांची तपासणी ठेवावी. ज्यांच्या घरी रोगी आहे त्यांची तपासणी झाली का, त्यांना प्रतिबंधक गोळ्या सांगितल्या आहेत का, हे विचारावे.

सरकारकडून क्षयरोग्याला आहारासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. २०२२ पासून 'निक्षय मित्र' म्हणून कोणाही संस्थेला किंवा व्यक्तीला रोग्याच्या शिध्याचा भार उचलता येतो. आपल्या सप्ताहांत शेकडो पाने उठतात. त्या महाप्रसादातील चार पायली डाळ आणि शेंगदाणे सहा महिने एका दुखणाइताच्या घरी गेले तर काला गोड लागणार नाही काय?

शुश्रूषा करणाऱ्यालाही विसरू नये. बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनात ही कथा आहे. कोल्हापुरास असता त्यांना जयरामस्वामी वडगावकरांच्या कीर्तनाचा छंद लागला. स्वामींचे वडगाव आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यातले. पती रागावले आणि त्यांना सोडून जाण्यास निघाले, तोच तापाने महिनाभर पडले. बहिणाबाईंनी रात्रंदिवस त्यांची सेवा केली. त्या दुखण्यात पतीचे मन पालटले, आणि पुढे दोघे मिळून देहूला गेली. ज्या महिन्यात बहिणाबाई कीर्तनाला गेल्या नाहीत त्या महिन्यातच त्यांची देहूची वाट मोकळी झाली, हे ध्यानात ठेवावे. आमच्या घरच्या माउलीनेही त्या सहा महिन्यांत देवळाची पायरी चढली नाही. तिचा नेम चुकला असे म्हणण्याची आमची जीभ धजत नाही.

तात्पर्य

देह देवाचा आहे म्हणून तो जपावा. सेवा देवाची आहे म्हणून ती दुसऱ्याच्या हाती आनंदाने सोपवावी. आणि बळ येईल तसे मागून, एक एक पायरी, पुन्हा ओळीत यावे. लाजून घरी बसू नये, ताठ्याने पुढे धावू नये.

गेल्या आषाढीला आटपाडीच्या माळावर त्या तरुणाने गळ्यातली वीणा काढून आमच्यापुढे धरली आणि म्हणाला, "बुवा, आता तुम्ही घ्या." आम्ही ती माथ्याला लावली, विसाव्यापर्यंत धरली, आणि विसाव्याला परत त्याच्या गळ्यात घातली. त्याची चाल अजून थोडी धावते. आम्ही त्याच्या मागे ध्रुपद धरतो.

राम कृष्ण हरि.